सकाळी पट, दुपारी कुळागर : फोंड्यातील मुलांची बुद्धिबळ स्पर्धा

गोव्यातील फोंड्याजवळच्या एका कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, भरलेल्या दोन दिवसांच्या बुद्धिबळ स्पर्धेला मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो होतो. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचा २०२५ चा विश्वचषक गोव्यात झाल्यापासून आमच्या घरी पट आवरून ठेवलेलाच नाही. स्पर्धेच्या सहा फेऱ्या स्विस पद्धतीने झाल्या. या पद्धतीत हरलेला खेळाडू बाद होत नाही, तर साधारण तितकेच गुण असलेल्या प्रतिस्पर्ध्याशी पुढची फेरी खेळतो, त्यामुळे पहिले दोन डाव गमावूनही मुलीचा उत्साह टिकला. हात लावलेले मोहरे खेळलेच पाहिजे, हा नियम पंचांनी मुलांवर न रागावता, पण कोणतीही सवलत न देता पाळला, हे मला सर्वांत आवडले.

पहिल्या दुपारी मुलांना माडा-पोफळींच्या सावलीतून हिंडवून मिरीचे वेल आणि जायफळाची झाडे दाखवण्यात आली. पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलेली मुले तिथेही सकाळच्या चुकलेल्या चालींवरच वाद घालत होती. दुसऱ्या दिवशी मात्र टेकडीवरची पायपीट नेमकी पाचव्या आणि सहाव्या फेरीच्या मध्ये ठेवली गेली, जेवणही दोन वाजता मिळाले, आणि दमलेल्या मुलांनी जिंकत आलेले डाव सोडून दिले. पायपीट शेवटच्या फेरीनंतर ठेवली असती, तर हे सहज टळले असते. राहण्याचे शुल्क वेगळे असल्याचे आम्हांला तिथे पोहोचल्यावर कळले. तरीही पुढच्या खेपेस मुलीचे नाव नोंदवणार आहे. वर्षभराचा सराव नसलेल्या मुलांनाही ही स्पर्धा झेपेल.