वीसेक वर्षांनी पुन्हा गिअरची गाडी : मीटिऑर ३५० वर एक उन्हाळा, एक पावसाळा

माझी शेवटची गिअरची गाडी म्हणजे साताऱ्यात कॉलेजला असताना चालवलेली दादाची हिरो होंडा स्प्लेंडर. मग लग्न, पुणे, मुलं आणि ॲक्टिव्हा. मधल्या वीसेक वर्षांत क्लचला हात लागला नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० घेतली. इंजिनची चर्चा सगळीकडे झालेली आहे; मी लिहितेय ते मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांसाठी, त्यातही माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या बायकांसाठी.

आधी लायसन्स काढून तारीख बघा. मुदत संपून वर्षाच्या आत अर्ज केला तर चाचणी द्यावी लागत नाही, वर्ष उलटलं की द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं.

उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे मी सगळ्यात आधी सीटची उंची बघितली. मीटिऑरची ७६५ मिलिमीटर आहे, त्याच कंपनीच्या क्लासिक ३५० ची ८०५. कागदावर हा फरक जेमतेम चार सेंटिमीटरचा दिसतो, पण स्वारगेटच्या सिग्नलला दोन्ही पाय पूर्ण टेकतात की नुसते चवडे, हे त्यावरच ठरतं. इंजिनची वीस बीएचपी ताकद मला पुरेशी आहे. पुणे-सातारा रस्त्यावर ताशी ८० ला गाडी शांत चालते, त्याहून जास्त मी मागतही नाही.

सायकल आणि गाडी शरीर विसरत नाही म्हणतात. खरं आहे, पण शरीर जुनी गाडी लक्षात ठेवतं. स्प्लेंडरचे चारही गिअर चवड्याने पुढे दाबत वर जायचे. मीटिऑरला पहिला खाली आणि पुढचे चार वर. टाचेच्या दांडीने दाबलं की गिअर वाढतो, चवड्याने दाबलं की कमी होतो. म्हणजे पायाचं वळण बरोबर उलटं! चौथ्यात टाकायचं म्हणून जुन्या सवयीने चवडा दाबला तर गाडी दुसऱ्यात येते आणि मागचं चाक झटका देतं. म्हणून रस्त्यावर जाण्याआधी सकाळी मोकळ्या मैदानात फक्त गिअर बदलण्याचा सराव केला. सुरुवातीला टाचेचीच दांडी वापरा, असं मी आग्रहाने सांगेन. पाय वेगळी हालचाल वेगळी म्हणून शिकतो, जुनीशी गल्लत होत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आमच्या पिढीला घरच्यांनी शिकवलं, पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील. दोन्हीकडे ड्रम, वाळूचे रस्ते, त्यात तथ्य होतंच. पण ब्रेक लागल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम तेच करतं. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारं तंत्र) सक्तीचं आहे आणि मीटिऑरला ते दोन्ही चाकांना आहे. कोरड्या, रिकाम्या, सरळ रस्त्यावर आधी कमी वेगात, मग थोडं वाढवत, हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक करकचून दाबून बघा. लिव्हर बोटांखाली थरथरते, चाक लॉक होत नाही. ती थरथर ओळखीची झाली की प्रसंगी हात सैल पडत नाही. पावसाळ्यात पसरणीचा घाट उतरताना मी निश्चिंत होते ती या सरावामुळे. तिथे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच वेग धरून ठेवतं, ब्रेकला वळणाआधी थोडंसंच काम उरतं.

वजन १९१ किलो. जुनी स्प्लेंडर ११० च्या आसपास असेल. चालताना हे वजन जाणवत नाही, उलट हायवेला ट्रकच्या वाऱ्यात बरं वाटतं. पण उताराकडे तोंड करून लावलेली गाडी एकटीने मागे ओढणं माझ्याच्याने होत नाही. त्यामुळे लावतानाच निघायचं कसं याचा विचार करते. चढाकडे तोंड, पहिला गिअर टाकून साइड स्टँड. स्टँड खाली राहिला आणि गिअर टाकला तर इंजिन बंद पडतं, ही सोय फार चांगली.

मीटिऑरसारख्या क्रूझर प्रकारातल्या गाड्यांवर पाय पुढे असतात, म्हणून खड्ड्यात पायांवर उभं राहून धक्का झेलता येत नाही, तो थेट कमरेत येतो. पाठीचा त्रास असेल तर हा प्रकार टाळा. माझं दर तासाला उतरून पाच मिनिटं चालण्यावर भागतं.

चोक नाही, रिझर्व्हचा कॉक नाही. पाऊस असो, थंडी असो, स्टार्टर दाबला की चालू. शहरात लिटरला ३० च्या पुढे जाते, हायवेला ३५ च्या आसपास.

पैसे हेल्मेटवर घाला. आयएसआय खूण असलेलं, हनुवटी झाकणारं, पट्टा बांधल्यावर डोक्यावर न फिरणारं. माळ्यावरचं जुनं हेल्मेट वापरू नका, आतला थर्माकोल वयाने निकामी होतो. बायकांच्या मापाची जॅकेटं शोधताना मात्र जीव मेटाकुटीला आला. बहुतेक दुकानांत पुरुषांचंच लहान माप पुढे करतात, त्यात कोपराचं पॅड कोपरावर बसतच नाही. पॅड जागेवर नसेल तर ते जॅकेट घेऊ नका, दुसरं शोधा.

शोरूममध्ये जाल तेव्हा चालवण्याआधी बंद गाडी वीस पावलं पुढे-मागे ढकलून बघा आणि सेंटर स्टँडवर स्वतः चढवा. टेस्ट राइड मोकळ्या रस्त्यावर देऊ करतील; तुम्ही गर्दीची, दोन सिग्नल आणि एक यू-टर्न असलेली मागा.