गिअर खाली घेताना: हाफ क्लच, रेस जुळवणं, डबल क्लच की हील-टो?

मॅन्युअल गाडीत गिअर वर टाकणं लवकर अंगवळणी पडतं. खाली घेताना मात्र गाडी हिसका देते, बोनेट खाली दबतं आणि शेजारी बसलेल्याची मान पुढे जाते. समजा, चौथ्या गिअरचं गुणोत्तर (गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) १.० आणि तिसऱ्याचं १.४ आहे. चौथ्यात इंजिन २,००० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) फिरत असेल, तर तेवढ्याच वेगाला तिसऱ्यात ते २,८०० वर फिरायला हवं. मधला ८०० चा फरक कुणीतरी भरून काढावाच लागतो. एक तर क्लच प्लेट घासून घासून तो भरते, नाही तर तुमचा उजवा पाय ॲक्सिलरेटर देऊन भरतो. खाली गिअर घेण्याच्या पद्धतींची तुलना करायची, तर आधी हा हिशोब डोक्यात हवा.

हाफ क्लच की रेस जुळवणं

बहुतेकांना शिकवली जाते ती पहिली पद्धत म्हणजे हाफ क्लच: क्लच दाबा, गिअर खाली घ्या, क्लच हळूहळू सोडा. इथे गाडीचा वेगच क्लच प्लेटमार्फत इंजिनला ओढून २,८०० वर नेतो. क्लच सावकाश सोडला तर हिसका बसत नाही, आणि यात क्लचचं फार मोठं नुकसानही होत नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याने किंवा पाय सतत पेडलवर टेकवून ठेवण्याने प्लेट जितकी झिजते, त्या मानाने हे घासणं किरकोळ आहे. नवशिक्याने काही महिने असंच चालवलं तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही.

अडचण येते ती घाई झाल्यावर. क्लच पटकन सोडला की इंजिनाचा सगळा अडथळा एकदम चाकांवर येतो. ओल्या किंवा निसरड्या रस्त्यावर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची शेपटी घसरू शकते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंगची पकड नेमकी वळणावर सुटते.

रेस जुळवताना क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला छोटासा टोला द्यायचा, आरपीएम २,८०० च्या आसपास गेला की क्लच सोडायचा. दोन्ही बाजू जवळपास सारख्या वेगाने फिरत असल्यामुळे क्लच लवकर सोडला तरी गाडी हलत नाही. ओव्हरटेकसाठी तिसरा टाकताना हे फार उपयोगी पडतं, कारण क्लच सोडल्याक्षणी गाडी ओढायला तयार असते.

टोला किती द्यायचा ते गाडीवर ठरतं. डिझेल इंजिन रेस जरा उशिरा पकडतं आणि त्याची कमाल आरपीएमची मर्यादाही पेट्रोलपेक्षा बरीच खाली असते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरचा इशारा वायरने इंजिनाला देणाऱ्या) बऱ्याच गाड्या झटपट टोल्याला दादच देत नाहीत, तिथे पाय क्षणभर जास्त दाबून ठेवावा लागतो. काही गाड्या हे काम स्वतःच करतात. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये आपोआप रेस जुळवण्याची सोय २००९ च्या निसान ३७०झेडमध्ये आली, पुढे इतरांनीही ती दिली. तुमच्या गाडीत ही सोय असेल तर पुढचा बराचसा मजकूर फक्त कुतूहल म्हणून वाचा.

या दोघांत निवडायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: गाडी रोज चालवणाऱ्या प्रत्येकाने रेस जुळवायला शिकावं. मेहनत थोडी आहे आणि फायदा रोजचा आहे.

डबल क्लच कुणासाठी?

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. रेस जुळवल्याने गिअरबॉक्स वाचतो असं म्हणतात, पण साध्या पद्धतीने जुळवल्यास वाचतो तो क्लच. कारण क्लच दाबलेला असताना तुम्ही रेस देता ती फक्त इंजिनाला मिळते. गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट त्या वेळी इंजिनापासून सुटलेला असतो, आणि त्याला खालच्या गिअरच्या वेगावर आणण्याचं काम सिंक्रोनायझरची पितळी रिंग घासून करते.

तो शाफ्टसुद्धा आपणच फिरवायचा असेल तर डबल क्लच लागतो. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, खालचा गिअर टाका, क्लच सोडा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असल्यामुळे रेस थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टपर्यंत पोहोचते, आणि वेळ साधली तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसतो.

सिंक्रोमेश, म्हणजे सिंक्रोनायझर (थोडक्यात सिंक्रो) असलेला गिअरबॉक्स १९२८ मध्ये कॅडिलॅकने बाजारात आणला. त्याआधी असं केल्याशिवाय गिअर खरखर करत राहायचा. आजच्या चांगल्या स्थितीतल्या कारला रोज डबल क्लच करायची गरज नाही. तीन प्रसंगी मात्र तो शिकून ठेवल्याचं सार्थक होतं: पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेली जुनी गाडी, सिंक्रोशिवाय चालणारा जड ट्रक, आणि दुसरा गिअर घेताना खरखर करणारी झिजलेली गाडी. शेवटच्या बाबतीत दुरुस्तीला पर्याय नाहीच, पण दुरुस्ती होईपर्यंत गाडी नीट चालवता येते.

हील-टो: रस्त्यावर घाई करू नका

यात उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर असतानाच त्याच पायाची कड किंवा टाच ॲक्सिलरेटरवर टेकवून रेस द्यायची असते. म्हणजे ब्रेक न सोडता गिअर जुळतो. रेसिंग ट्रॅकवर याला पर्याय नाही, कारण तिथे जोरात ब्रेक मारत वळणाकडे जायचं असतं आणि त्याच वेळी दोन-तीन गिअर खाली यायचं असतं.

साध्या रस्त्यावर हे जमत नाही म्हणून अनेकजण खट्टू होतात, पण दोष बहुतेकदा त्यांचा नसतो. जोरात ब्रेक दाबला की ब्रेकचं पेडल खाली जाऊन ॲक्सिलरेटरच्या पातळीला येतं आणि पाय सहज कलतो. रस्त्यावर आपण हलका ब्रेक मारतो, तेव्हा ब्रेकचं पेडल उंचच राहतं आणि ॲक्सिलरेटर खोल वाटतो. त्यात काही गाड्यांचा कॉम्प्युटर दोन्ही पेडल एकत्र दाबली की रेस कापतो. पाय अर्धवट कलल्यामुळे ब्रेकवरचा दाब कमी-जास्त झाला, तर मागच्या गाडीलाही धोका. म्हणून रस्त्यावर आधी ब्रेकने वेग कमी करा, ब्रेक सोडा, मग रेस जुळवून गिअर घ्या. ट्रॅकवर जायचं नसेल तर हील-टो न शिकताही तुम्ही उत्तम चालक होऊ शकता.

एकेक गिअर की थेट उडी?

सिग्नलला थांबायचं असेल तर पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा अशी उतरंड करण्यात अर्थ नाही. ब्रेक मारा आणि शेवटी लागेल तोच गिअर घ्या. पाचव्यातून थेट तिसऱ्यात येणं पूर्णपणे योग्य आहे, फक्त वेग आधी उतरलेला हवा.

लांब उतारावर मात्र गिअरनेच गाडी धरायची असते. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात. नव्या डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३० असतो, पण ओलावा शोषला की तो खाली येतो. ऑइल उकळलं की पेडल पोकळ होतं. गिअरमध्ये उतरताना फ्युएल इंजेक्शनचं इंजिन इंधन तोडतं, त्यामुळे न्यूट्रल करून इंधन वाचतं हा समजही चुकीचा आहे. एक लक्षात ठेवा: इंजिनाने वेग कमी होतो तेव्हा ब्रेकलाइट लागत नाही. मागे कुणी चिकटून येत असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करा.

कोणतीही पद्धत निवडा, एका चुकीपासून मात्र नेहमी जपा. पाचव्यात ३,५०० आरपीएमवर असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर गुणोत्तरं ०.८ आणि २.० धरली की इंजिनाला ८,७५० वर फिरावं लागेल. रेव्ह लिमिटर (आरपीएम मर्यादेबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा) इंधन तोडू शकतो, चाकांना थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. नेहमीच्या रचनेत चौथा आणि दुसरा दोन्ही खालच्या ओळीत असतात. म्हणून पाचव्यातून खाली येताना लिव्हर डावीकडे ढकलू नका. न्यूट्रलला आला की स्प्रिंग त्याला तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणते, तिथून बोटांनी सरळ मागे ओढा.

सरावाला मोकळा, कोरडा, सरळ रस्ता घ्या. एका ठराविक वेगाला चौथ्यात किती आरपीएम दिसतो आणि तिसऱ्यात किती, ते एकदा बघून ठेवा. मग तेवढ्याच वेगाला चौथ्यातून तिसऱ्यात या. क्लच सोडल्यावर बोनेट दबलं तर रेस कमी पडली, गाडी पुढे उसळली तर जास्त झाली. पुढच्या वेळी टोला त्या मानाने बदला.