पंचेचाळीसचं रिव्हॉल्व्हर आणि मून क्लिप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात गुहागरला घरी आलो तेव्हा काकांनी पावसाळ्याआधी तेलपाणी करायला बंदूक पडवीत काढली होती. बागेच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली एकनळी बारा बोअर. ती उघडून आत बघत त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या रिव्हॉल्व्हरातनं रिकामी पुंगळी बाहेर कशी येते रे? त्याच्या काडतुसाला कड नाही म्हणालास ना?" उत्तर द्यायला सगळी संध्याकाळ गेली. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कोणी असं रिव्हॉल्व्हर घ्यायचा विचार करत असेल, तर त्यालाही उपयोग होईल म्हणून तेच सविस्तर लिहितो.

मी ह्यूस्टनला असतो. सप्टेंबरात स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 625 रिव्हॉल्व्हर घेतलं, .45 एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) काडतुसाचं, सहा गोळ्यांचं. आठ महिन्यांत साधारण 1,800 गोळ्या झाडल्या, सगळ्या रेंजवर, कागदी लक्ष्यावर.

काकांच्या काडतुसाला बुडाशी पितळी टोपी असते आणि तिची कड बाहेर आलेली असते. ती कड नळीच्या मागच्या तोंडाशी अडते, म्हणून काडतूस आत घसरत नाही. बंदूक उघडली की एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढणारा भाग, त्याच कडेला धरून पुंगळी वर उचलतो. .32 किंवा .38 च्या नेहमीच्या रिव्हॉल्व्हरातही हेच होतं, फक्त तिथे सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याच्या, मधोमध असलेला चांदणीच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर सगळ्या पुंगळ्या एकदम उचलतो. .45 एसीपी जन्माला आलं पिस्तुलासाठी. मॅगझिनमध्ये काडतुसं एकमेकांत अडकू नयेत म्हणून त्याची कड अंगाबरोबर ठेवलेली आणि तिच्या वर एक खाच. पिस्तुलाचा आकडा त्या खाचेत बसतो. रिव्हॉल्व्हरच्या चांदणीला मात्र धरायला काहीच उरत नाही.

ही अडचण जुनी आहे. 1917 मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा सैन्याची .45 एसीपीची पिस्तुलं (मॉडेल 1911) पुरेनात. मग कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी आपली मोठी रिव्हॉल्व्हरं .45 एसीपीसाठी बनवून दिली, दोघांची मिळून तीन लाखांच्या वर. तोडगा निघाला स्मिथ अँड वेसनकडे: पातळ पोलादी अर्धचंद्र, त्यात तीन काडतुसं खाचेनं अडकवायची. असे दोन अर्धचंद्र घातले की सिलिंडर भरला. पुढे पूर्ण चकती आली, सहाही काडतुसं एकत्र धरणारी. तिलाच फुल मून क्लिप म्हणतात.

क्लिपशिवाय चालतं का, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला. चालतं. 625 च्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या घरात, आत पायरी आहे, पुंगळीचं तोंड त्या पायरीवर टेकतं आणि गोळी नीट सुटते. (1917 च्या सुरुवातीच्या काही कोल्टांमध्ये ही पायरी नव्हती. त्यांत क्लिप नसेल तर काडतूस सरळ पुढे सरकायचं.) मात्र झाडून झाल्यावर पुंगळ्या आतच राहतात. पेन्सिलीनं समोरून एकेक ढकलून काढाव्या लागतात. मी एक दुपार असं केलं. सहा पुंगळ्या काढायला मिनिटाच्या वर गेला. हे ऐकून काका उठले आणि पडवीच्या वाशातून वेळूची एक काडी काढून आणली. पूर्वी कागदी काडतुसं मिळायची. पावसाळ्यात ती फुगायची, एक्स्ट्रॅक्टर कड सोडून द्यायचा, आणि मग हीच काडी पुढून घालून पुंगळी ढकलायची. पुंगळी धरणारं काही नसलं की टेक्सासात काय नि गुहागरात काय, काडीच लागते.

आता फुल मून. रिकामं करण्याच्या बाबतीत याच्या तोडीचं मी दुसरं काही वापरलेलं नाही. सिलिंडर उघडायचा, नळी सरळ वर करायची, सिलिंडरच्या पुढे आलेल्या दांडीवर एक ठाम थाप मारायची. सहाही पुंगळ्या क्लिपसकट एका घडात खाली येतात, गवतात एक हरवत नाही. न झाडलेली असली तरी सगळी एकदम हातात येतात. सिलिंडर मोकळा झाला की नाही हे मी दर वेळी डोळ्यांनी बघतो, पण क्लिपमुळे ते बघणं फार सोपं होतं. भरताना नळी खाली, आणि घड सोडून द्यायचा. गोल नाकाच्या गोळ्या आपोआप घरात शिरतात. सपाट नाकाच्या चेंबरच्या कडेला अडतात, मग थोडं हलवावं लागतं. अमेरिकन नेमबाज जेरी मिक्युलेकने 1999 मध्ये 625 मधून सहा गोळ्या, पुन्हा भरणं आणि आणखी सहा गोळ्या, हे सगळं 2.99 सेकंदांत केलं, ते याच क्लिपांवर.

त्रास आहे तो घरी. क्लिपमध्ये काडतूस दाबून बसवता येतं, पण रिकामी पुंगळी काढताना बोटं सोलवटतात. खाच पाडलेली एक नळी मिळते, ती पुंगळीवर चढवून पिळायची. ती पहिल्याच दिवशी घ्या. मी दोन महिने पकडीनं ओढाताण केली आणि तेवढ्यात चार क्लिपा वाकवल्या.

आणि वाकलेली क्लिप ही लहान गोष्ट नाही. नोव्हेंबरात एक भरलेली क्लिप पँटच्या खिशात ठेवून मी गाडी चालवत रेंजवर गेलो. ती किंचित वाकली होती, डोळ्यांना दिसत नव्हती. दोन गोळ्या सुटल्या आणि तिसरीला सिलिंडर अडला. काडतुसांची बुडं मागच्या पोलादावर घासत होती. चाप ओढला जाईना, सिलिंडर उघडेना, आत चार जिवंत काडतुसं. नळी लक्ष्याकडेच ठेवून रेंजच्या माणसाला बोलावलं. त्यानं सावकाश सिलिंडर मोकळा केला. त्या दिवसापासून भरलेली प्रत्येक क्लिप मी रेंजवर आधी सिलिंडरमध्ये घालून, नळी लक्ष्याकडे आणि चापापासून बोट दूर ठेवून, हॅमर अंगठ्यानं किंचित मागे धरत, सिलिंडर हातानं पूर्ण फिरवून बघतो. जरा जरी घासली तर ती क्लिप फेकून देतो. रिकाम्या क्लिपा आता लाकडी दांडीवर ओवून ठेवतो, कासाराकडे बांगड्या असतात तशा. भरलेल्या कडक डब्यात.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. प्रत्येक कंपनीच्या पितळेची, म्हणजे पुंगळीची, खाच थोडी वेगळी असते. एका पितळेत घट्ट बसणारी क्लिप दुसऱ्यात लुडबुडते आणि सहा टोकं सहा दिशांना जातात. मग घड घरात नीट उतरत नाही. एकाच कंपनीची पितळ ठरवा आणि तिला बसेल त्या जाडीची क्लिप घ्या.

बाकी पर्याय थोडक्यात. 1920 मध्ये याच रिव्हॉल्व्हरांसाठी .45 ऑटो रिम नावाचं जाड कडेचं काडतूस निघालं. त्याला क्लिप लागत नाही, पण आमच्या भागात ते दुकानात सहज दिसत नाही. एका मित्राकडे रूगरचं ब्लॅकहॉक आहे, .45 एसीपीच्या जादा सिलिंडरसकट. त्यात दांडीनं आतूनच एकेक पुंगळी ढकलायची, म्हणून कड असो वा नसो, फरक पडत नाही. ज्याला घाई नाही त्याला मी तेच सुचवेन. चांदणीलाच स्प्रिंगची बोटं बसवून खाच धरण्याचा मार्गही आहे. स्मिथ अँड वेसनचं 1980 च्या दशकातलं 9 मिमीचं मॉडेल 547 असं होतं. ते मी हाताळलेलं नाही.

चुलतभावानं विचारलं, इथे असं मिळेल का? नाही. आपल्या शस्त्र नियमांत .45 रिमलेस (बाहेर आलेली कड नसलेलं) आणि 9 मिमी सर्व्हिस काडतूस झाडू शकणारं पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात येतं. परवान्यावर सहसा मिळतं ते .32 चं रिव्हॉल्व्हर, आणि त्याच्या काडतुसाला कड असते.

जूनमध्ये परत गेलो की जुन्या पातळ क्लिपा बाजूला काढून जाड क्लिपांचा एकच संच ठेवणार आहे. पुढच्या हजार गोळ्यांत त्यांतल्या किती सरळ राहतात, ते मोजायचं आहे.