मिरचीचं बी: डब्यातलं की पाकिटातलं?

इंदूरमध्ये गच्चीवर मिरची लावायची म्हटलं की हा प्रश्न येतोच. घरातल्या सुक्या मिरचीचं बी फुकट, पण भरवसा कमी. मिरची फार जुनी असेल तर कमी उगवतं, भाजलेली असेल तर उगवत नाही. म्हणून आधी दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. दहा-बारा दिवसांत सहा-सातांना मोड आले तरच पेरा. पाकिटातलं ताजं बी बहुधा एकसारखं उगवतं, मात्र मुदत बघून घ्या. रंगीत दिसणाऱ्या बियांना बुरशीनाशक लावलेलं असतं, हात धुवा.

खरा फरक पुढच्या पिढीत. पाकिटातलं बी संकरित (हायब्रिड, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून केलेलं) असेल तर त्याच्या फळांतलं बी आईसारखी मिरची देत नाही. बाजारातली निमाडी मिरचीही संकरित असू शकते, तेव्हा तिच्याकडूनही हमी नाही.

पेरणी दोन्हींची सारखीच: अर्धा सेंटिमीटर खोल, कोकोपीट आणि गांडूळखत. पाणी फार झालं की रोप बुडाशी काळं पडून आडवं होतं. दोन्ही बियांची रोपं जास्त त्यातच जातात. सहा पानांवर बारा इंची कुंडीत हलवा.

मुलांसोबत गंमत म्हणून किंवा फोडणीपुरत्या चार मिरच्यांसाठी डब्यातलं बी पुरे. ठेच्याला ठरावीक तिखटपणा हवा असेल तर पाकीट घ्या. दरवर्षी घरचंच बी धरायचं असेल, तर पाकिटावर संकरित नसलेलं, सरळ वाण बघा.