१२ इंची वूफरला मागून जादा मॅग्नेट : आठ महिन्यांचा अनुभव

आवाज वाढावा म्हणून गणपतीआधी, ऑगस्टमध्ये वूफरच्या (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) मूळ मॅग्नेटमागे जादा मॅग्नेट चिकटवले. त्या दोनपैकी एक एप्रिलमध्ये सुटून बॉक्सच्या तळाशी पडला. गोंद मॅग्नेटला घट्ट धरून होता, पण त्याच्यावर वूफरच्या मागच्या लोखंडी प्लेटचा काळा रंग पापुद्र्यासारखा चिकटून आला होता. दगा रंगाने दिला. सोलापुरात पत्र्याखाली दुपारी ४२ अंशाच्या वर आणि त्यात बॉक्सच्या आतली गरमी, मग रंगावर चिकटवलेलं टिकणार कसं?

चिकटवण्याआधी प्लेटचा रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, थिनरने पुसा. पाच मिनिटांत सुकणारा इपॉक्सी गोंद उन्हात मऊ पडतो, सावकाश सुकणाराच घ्या. सी-क्लॅम्प लावून २४ तास हलवू नका, कारण समान ध्रुव समोरासमोर असल्याने मॅग्नेट ओल्या गोंदावर कडेला सरकतो. क्लॅम्प जपून आवळा, फेराइटचा मॅग्नेट काचेसारखा फुटतो आणि त्याची कणी गॅपमध्ये, म्हणजे व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) ज्या फटीत हलते तिथे गेली की कॉइल घासते.

दिशा महत्त्वाची. मूळ मॅग्नेटकडून जी बाजू ढकलली जाते तीच प्लेटकडे हवी. मोबाइलमधलं चुंबकत्व मोजणारं ॲप वूफरच्या मागे फूटभर अंतरावर धरा. दिशा बरोबर असेल तर जादा मॅग्नेट लावल्यावर आकडा आधीपेक्षा उतरतो. उलटा लागला तर गॅपमधलं चुंबकत्व घटतं, म्हणजे खर्च करून आवाज कमी.

आवाज दुप्पट होतो असं विकणारे सांगतात, ते खरं नाही. मोजणीत क्यूटीएस (जितका कमी तितका पडदा लवकर थांबतो) ०.५५ वरून ०.५० वर आला, बीएल (कॉइलला ढकलणारी चुंबकीय ताकद) साधारण ६ टक्के वाढला, आवाज जेमतेम अर्धा डेसिबल. तेवढी वाढ १०० वॉटच्या जागी ११२ वॉट दिल्यानेही मिळते! पोल (कॉइलच्या आतला लोखंडी दांडा) आधीच चुंबकत्वाने भरलेला असेल तर एवढंही मिळत नाही. पोर्टच्या (हवेसाठी भोक असलेल्या) बॉक्समध्ये बास उलट पातळ झाला. तेव्हाच हे लिहिलं असतं तर 'पैसे वाया' असंच लिहिलं असतं.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, तेच वूफर बंद बॉक्समध्ये बसवले आणि मत बदललं. ढोलाचा ठोका पडला की लगेच थांबतो, मागे घुमत राहत नाही. बंद बॉक्स थोडा लहान पडत असेल, बास गुमगुमत असेल, तर हा उपाय करण्यासारखा आहे. पोर्टवाल्यांनी नादी लागू नये.

मॅग्नेट रिंगचाच घ्या. भरीव चकतीने पोलचं भोक बंद होतं आणि कॉइलला हवा मिळत नाही. १२० मिमीची २० मिमी जाड रिंग ८०० ग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्या जादा वजनाने पातळ पत्र्याची बास्केट (वूफरचा सांगाडा) टेम्पोच्या हिसक्याने वाकते, मग कॉइल घासतेच. म्हणून अजून न पडलेल्या दुसऱ्या मॅग्नेटलाही भोक मोकळं ठेवून बॉक्सच्या मागच्या भिंतीपासून दोन लाकडी ठोकळ्यांचा टेकू दिला आहे.