ड्रॉप हँडलवर माउंटन डिरेलर: नऊ स्पीड की दहा?

पुण्याहून सिंहगडाचा घाट सायकलने चढणाऱ्याला खाली वळलेले ड्रॉप हँडल सोडवत नाही आणि ३४ दातांचा हलका गिअरही हवाच असतो. त्यासाठी रोड सायकलच्या शिफ्टरला (गिअर बदलणाऱ्या खटक्याला) माउंटन सायकलचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) जोडण्याचे दोन मार्ग आहेत: नऊ स्पीड, म्हणजे मागे नऊ दातेरी चकत्या, किंवा दहा स्पीड.

नऊ स्पीडमध्ये काम सरळ आहे. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या रोड आणि माउंटन अशा दोन्ही मागच्या डिरेलरांचे गुणोत्तर सुमारे १.७ आहे, म्हणजे केबल एक मिलिमीटर ओढली की डिरेलर १.७ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे प्रत्येक टिचकीला साखळी नेमक्या चकतीवर बसते.

दहा स्पीडमध्ये माउंटन डिरेलरचे गुणोत्तर १.२च्या आसपास उतरले आणि रोड शिफ्टरची ओढ त्याला अपुरी पडू लागली. माझ्या सायकलवर केबल कितीही ताणली तरी साखळी दोन चकत्यांच्या मध्ये खरखरत राहायची आणि घाटात उभे राहून पेडल मारताना निसटायची. ओढ वाढवणारी छोटी कप्पी केबलच्या वाटेत बसवता येते, पण त्यापेक्षा दहा स्पीडचे रोड शिफ्टर आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) तशीच ठेवून नऊ स्पीडचा माउंटन डिरेलर लावणे मला अधिक पटते. शिमानोच्याच टियाग्रा ४७०० या दहा स्पीड रोड शिफ्टरची ओढ मात्र वेगळी असल्याने त्याच्याशी ही जोडी जमत नाही.

पेडलजवळच्या, म्हणजे पुढच्या डिरेलरची ओढ रोड आणि माउंटनमध्ये मुळातच निराळी आहे. तिथे रोडचाच डिरेलर ठेवावा.