सुखोईचं प्रोफाइल: एअरब्रश की व्हेक्टर?

पुण्याच्या लोहगाववरून उडणाऱ्या सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानाचं प्रोफाइल, म्हणजे बाजूने दिसणारं चित्र, कागदावर उतरवायचं, तर पहिला प्रश्न मापाचा. विमान जवळपास २२ मीटर लांब; १:७२ प्रमाणात साडेतीस सेंटिमीटर होतं. म्हणजे ए-४ कागद गेला, ए-३ घ्या.

एअरब्रशची, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाची, खरी मजा शेपटीकडे आहे. एएल-३१एफपी इंजिनांच्या नोझलजवळ, म्हणजे गरम वायू बाहेर पडतात तिथे, तापून निळसर-तपकिरी झालेला धातू, पोटाखालची सावली, राखाडी रंगाचा उन्हाने उडालेला भाग... हे पातळ थरांत फवारलं की विमान वापरातलं वाटतं. पण रंग नको तो भाग झाकणारी मास्किंग फिल्म कापण्यात संध्याकाळ जाते, आणि पुण्याच्या पावसाळ्यात थर वाळता वाळत नाहीत.

व्हेक्टरमध्ये, म्हणजे संगणकावर रेषा-आकारांनी काढलेल्या चित्रात, शेपटीवरचा क्रमांक बदलला की दुसरं विमान तयार! एका स्क्वाड्रनची (हवाई दलाच्या तुकडीची) सगळी विमानं मांडायची असतील तर हाच मार्ग. पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, रेषाही हव्या तेवढ्या बारीक ठेवता येतात. पाच मिलिमीटरची फट या प्रमाणात ०.०७ मिलिमीटर होते, तिथे कुठलं पेन पुरणार? ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) मात्र जपून वापरा, नाहीतर विमान प्लॅस्टिकचं दिसतं.

भिंतीवर एकच चित्र लावायचं असेल, तर मी डोळे झाकून एअरब्रश घेईन.